बीएमआयचा आकडा आणि आयुष्याची दोरी

प्रश्न : मी ५७ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या महिन्यात तालुक्याला झालेल्या आरोग्य शिबिरात माझी उंची १५२ सें.मी. आणि वजन ६३ किलो भरले. बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढलेला आकडा, २७.३ आला आणि कार्डावर ‘लठ्ठ’ असे लिहिले गेले. आमच्या ह्यांचे वय ६१, उंची १६८ सें.मी. आणि वजन ६२ किलो आहे. त्यांचा बीएमआय २२ आला, म्हणून ते ‘सामान्य’. वजन ठीक आहे असे सांगून त्यांची साखर तपासलीच नाही. रक्तदाब १४६/९२ होता, पण तो चालून आल्यामुळे वाढला असेल, असे म्हणाले. माझी उपाशीपोटीची साखर ९४, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) ५.६ आणि रक्तदाब १२४/७८ आहे. मुलाने फोनमध्ये घालून दिलेल्या अ‍ॅपवर हे वजन-उंचीचे आकडे भरले, तर माझे आयुष्य चार वर्षांनी कमी होईल असे उत्तर आले. ह्यांचे मात्र काहीच कमी होत नाही. तेव्हापासून मी रात्रीचे जेवण सोडून फक्त ताक पिते. ह्यांच्या थोरल्या भावाला मधुमेह आहे, हे स्वतः तंबाखू खातात, निवृत्तीनंतर फारसे हिंडत-फिरत नाहीत, तरी वजनावरून बोलणी मलाच बसतात. शिलाईच्या टेपने मोजले तर माझी कंबर ७९ आणि ह्यांची ९७ सें.मी. भरली. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, उंची १४८ सें.मी.; दिवाळीत त्यांचे वजन ४८ किलो होते ते आता ४३ झाले आहे, आणि गुडघ्यांवरचा भार उतरला म्हणून त्या खूश आहेत. बीएमआयवरून माणूस किती जगेल हे खरोखर कळते का, आणि मी किती किलो उतरवले म्हणजे धोका टळेल?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी सासूबाईंविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची बाब तीच आहे आणि तुम्ही ती जवळजवळ आनंदाची बातमी म्हणून सर्वांत शेवटी कळवली आहे. काहीही प्रयत्न न करता दिवाळीपासून आतापर्यंत पाच किलो, म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरणे ही या वयात काळजीची गोष्ट असते. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन आपोआप घटले, तरी डॉक्टर त्याचे कारण शोधू लागतात. निदान न झालेला मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा विकार, कर्करोग, मनाची उदासी, किंवा दात पडल्यामुळे भाकरी चावता न येणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. गंमत अशी, की ४८ किलोला त्यांचा बीएमआय २१.९ होता, आज तो १९.६ आहे, आणि तक्त्याच्या लेखी हे दोन्ही आकडे ‘सामान्य’च आहेत. पाठीला बाक आल्यामुळे त्यांची उंची तरुणपणापेक्षा कमी झाली असेल, तर आजचा आकडा प्रत्यक्षाहून थोडा फुगलेलाही असणार. अंगणवाडीत मुलाचे वजन एकदाच घेऊन तुम्ही थांबत नाही. वाढीच्या तक्त्यावरील रेषा खाली वळली, की मूल अजून हिरव्या पट्ट्यात असले तरी तुम्ही सावध होता. सासूबाईंच्या बाबतीतही रेषेकडेच पाहायला हवे. या आठवड्यातच त्यांना ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे यांपासून सुरुवात करा, आणि डॉक्टरांना दोन्ही वजने तारखांसह सांगा.

आता बीएमआय. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची ही रीत अ‍ॅडॉल्फ केतले या बेल्जियन गृहस्थाच्या १८३० च्या दशकातील अभ्यासातून आली. केतले वैद्य नव्हता. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय होते, आणि समाजातील ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे मांडणे एवढाच त्याचा उद्देश होता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मोजमापे तपासली, वजन-उंचीच्या प्रचलित सूत्रांमध्ये हे सूत्र इतरांपेक्षा वाईट नाही असे ठरवले आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. त्या मोजमापांत एकही स्त्री नव्हती, हे तुमच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८.५, २५ आणि ३० या सर्वपरिचित रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात रूढ केल्या. अमेरिकेत १९९८ पर्यंत जादा वजनाची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ अशी होती. ती २५ वर आणताच कोट्यवधी माणसे छटाकभरही वजन न वाढवता ‘जादा वजनाची’ ठरली. निसर्गाने आखलेली रेषा अशी हलवता येत नाही. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असे ठरवले. तुमच्या कार्डावरील शेरा या भारतीय रेषेनुसार आहे, जागतिक तक्त्यात तुम्ही ‘जादा वजन’ या खान्यात बसता.

या रेषा मृत्यूविषयी काय सांगतात, हे पाहू लागलो की उत्तर सरळ येत नाही. २०१३ मध्ये कॅथरीन फ्लेगल आणि सहकाऱ्यांनी ९७ अभ्यासांतील २८ लाखांहून अधिक माणसांची आणि सुमारे २ लाख ७० हजार मृत्यूंची माहिती एकत्र केली, तेव्हा २५ ते ३० या गटातील मृत्यूंचे प्रमाण ‘सामान्य’ गटाहून सहा टक्क्यांनी कमीच निघाले. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि घेतलेला आक्षेप रास्तही होता : धूम्रपान करणारी माणसे बहुधा सडपातळ असतात आणि लवकर दगावतात, तसेच गंभीर आजाराने माणूस आधी रोडावतो आणि मग जातो, त्यामुळे कमी वजनाच्या खान्यात असे मृत्यू जमा होतात आणि जाड माणसे उगाचच निर्धोक दिसू लागतात. मग २०१६ मध्ये जगभरातील २३९ अभ्यासांतील एक कोटीहून अधिक माणसांची माहिती नव्याने तपासली गेली. या वेळी धूम्रपान केलेले, जुनाट आजार असलेले आणि पहिल्या पाच वर्षांत मरण पावलेले सगळे लोक वगळले. तसे केल्यावर सुमारे चाळीस लाखच उरले. त्यांच्यात २५ ते २७.५ या गटाचा धोका सात टक्क्यांनी अधिक, २७.५ ते ३० या गटाचा वीस टक्क्यांनी आणि ३० ते ३५ या गटाचा ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. १८.५ पेक्षा कमी बीएमआय असलेल्यांचा धोका मात्र जवळजवळ ५० टक्क्यांनी अधिक होता.

माझ्या मते चरबीच्या स्वतःच्या परिणामाविषयी दुसरे उत्तर सत्याच्या अधिक जवळ आहे. पण कोणाला मोजणीत धरायचे आणि कोणाला वगळायचे, यावर ज्या आकड्याचा कौल उलटतो, त्याच्यावर एका व्यक्तीच्या आयुष्याचा हिशेब टांगता येत नाही. शिवाय हे टक्के फसवे असतात. समजा, तुमच्या वयाच्या हजार स्त्रियांपैकी पुढील दहा वर्षांत पन्नास दगावतात. तर सात टक्क्यांनी अधिक धोका म्हणजे पन्नासऐवजी त्रेपन्न किंवा चोपन्न. उरलेल्या साडेनऊशेंच्या आसपास स्त्रियांना त्या आकड्याने काहीच केलेले नसते, आणि तुम्ही त्यांत आहात की नाही हे बीएमआय सांगू शकत नाही. २०१६ च्या त्याच अभ्यासात वाढत्या बीएमआयचा परिणाम पुरुषांपेक्षा स्त्रियांत कमी आणि तरुणांपेक्षा वयस्करांत कमी दिसला, हेही तुमच्या बाजूचे आहे. सांगली जिल्ह्याचा सरासरी पाऊस कळला म्हणून शिराळ्यात किती पडला आणि जतमध्ये किती, हे कळत नाही. लाखो लोकांच्या सरासरीवरून एका बाईचे आयुष्य चार वर्षांनी कमी करणारे अ‍ॅप नेमके तेच करते. त्याला तुमची साखर दिसत नाही आणि तुमच्या ह्यांची तंबाखूची पुडीही दिसत नाही.

आपल्याकडची आकडेवारी याहून निराळी आहे. मुंबईत १९९१ पासून पस्तीस वर्षांवरील सुमारे दीड लाख स्त्री-पुरुषांची वजने, उंची आणि तंबाखूच्या सवयी घरोघर जाऊन नोंदवल्या गेल्या आणि पुढे त्यांच्यातील मृत्यूंचा माग ठेवला गेला. त्यात सर्वाधिक धोका अतिशय कृश माणसांना होता, आणि त्यामागे क्षयरोगाचा वाटा मोठा होता. जादा वजनाच्या गटात मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. २०११ मध्ये अकरा लाखांहून अधिक आशियाई लोकांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही भारतीय आणि बांगलादेशी गटांत २० किंवा त्याहून कमी बीएमआय असलेल्यांचा धोका वाढलेला होता, आणि जास्त बीएमआयमुळे मृत्यू वाढल्याचे आढळले नाही. चीन, जपान, कोरिया या बाजूला मात्र दोन्ही टोकांना धोका वाढत होता. यावरून आपल्याकडे लठ्ठपणा निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष काढणारे काढतात. मला तो मान्य नाही. ज्या पिढीत कृशता म्हणजे गरिबी, अपुरे अन्न, तंबाखू आणि क्षय असे समीकरण होते, त्या पिढीचे हे आकडे आहेत. तेथे बीएमआय चरबीपेक्षा घरची परिस्थितीच अधिक मोजत होता.

मग भारतीयांसाठी रेषा २३ वर कशासाठी आणली, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. ती मृत्यूच्या आकड्यांवरून आणलेली नाही. भारतीय माणसाला मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार युरोपीय माणसाहून कमी बीएमआयला गाठतात, म्हणून ती खाली घेतली. आजार लवकर ओळखण्यासाठी आखलेली रेषा आणि आयुष्य मोजणारी पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिबिरातील कार्ड व फोनमधील अ‍ॅप यांनी मिळून तुमच्या घरात त्यांची गल्लत करून टाकली आहे.

भारतीयांच्या या वेगळेपणाचा फार मोठा अभ्यास तुमच्यापासून दूर नाही, पुण्यातच झाला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे आणि मोजमापे छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे जवळजवळ तुमच्या यजमानांइतकाच, आणि कोणत्याही तक्त्यात ‘सामान्य’. पण क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. एकाचे वजन स्नायूंचे होते, दुसऱ्याचे बरेचसे मेदाचे. वजनकाट्याला यातला फरक कळत नाही. पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा याज्ञिक यांच्या गटाने अभ्यास केला, त्यातही हेच दिसले : ही बाळे इंग्लंडमधील बाळांहून कितीतरी हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास होती, स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. वरून काटकुळा आणि आतून मेदयुक्त, असा हा बांधा जन्मापासूनच घडू लागतो. पुढे बैठे आयुष्य आले, की अशा माणसाची चरबी मांड्या-नितंबांवर कमी आणि पोटाच्या आत, यकृताभोवती व यकृतात अधिक साठते. पोटातील या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनचे काम बिघडते, साखर आणि रक्तातील मेद वाढतात. आणि साखर शोषून घेणारे स्नायूच मुळात कमी असल्यामुळे शरीराकडे दुसरा आधारही उरत नाही.

म्हणूनच तुमच्या घरातील दोन कार्डांपैकी ज्यावर ‘सामान्य’ लिहिले आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते. ५२ देशांत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचा जो मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात झटक्याचा अंदाज बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तरावरून कितीतरी चांगला बांधता आला. युरोपातील साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात बीएमआय सारखा असलेल्या माणसांतही, ज्यांची कंबर मोठी त्यांच्यात मृत्यू अधिक होते. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सें.मी. आणि स्त्रियांसाठी ८० सें.मी. धरली जाते, आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी हा आणखी एक सोपा निकष आहे. यजमानांची कंबर ९७ आहे आणि उंचीचे निम्मे होतात ८४. त्यात भावाचा मधुमेह, तंबाखू, बैठे दिवस आणि १४६/९२ हा रक्तदाब. चालून आल्यामुळे तो वाढला असेल हे शक्य आहे, म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा. मात्र त्या सबबीवर सोडून देऊ नका. त्यांची उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, रक्तातील मेदाची तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या, आणि ईसीजी काढायचा का हे डॉक्टरांना विचारा. पँटचा नंबर अजून तोच आहे असे ते म्हणतील. पुष्कळ पुरुष पोट सुटले की पँट पोटाखाली बांधू लागतात, त्यामुळे नंबर वर्षानुवर्षे बदलत नाही. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता धरायची असते.

तंबाखू सुटणे हा त्यांच्यासाठी कोणत्याही वजनापेक्षा मोठा लाभ आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य असतील तर तेथे तोंडाची तपासणीही करून घ्यावी.

तुमच्याविषयी आता निश्चिंतपणे लिहिता येते, पण मोकळीक देता येत नाही. तुमची साखर आणि रक्तदाब आज चांगले आहेत, एचबीए१सी ५.६ मात्र मधुमेहपूर्व अवस्थेच्या उंबरठ्यावर आहे, कारण ती ५.७ पासून धरतात. तुमच्या बीएमआयला मधुमेहाचा धोका सडपातळ स्त्रीपेक्षा अधिक असतो हे खरेच आहे, तेव्हा दरवर्षी साखर तपासत राहा. जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आयोगानेही असेच सुचवले, की एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाचे निदान करू नये. कंबरेसारखे दुसरे मोजमाप घ्यावे, आणि मग त्या चरबीने एखाद्या अवयवाचे काम बिघडवले आहे का, हे पाहावे. तुमच्या पत्रातील आकड्यांत तरी तसे काही दिसत नाही.

रात्रीचे जेवण सोडण्याचा प्रयोग मात्र आजच थांबवा. पन्नाशीनंतर उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. काट्यावर बीएमआय सुधारतो आणि शरीर प्रत्यक्षात याज्ञिकांनी वर्णन केलेल्या बांध्याकडे सरकते. भारतासह १७ देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या अभ्यासात हाताच्या मुठीची पकड पाच किलोने कमी असली, की मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी अधिक आढळला. वजनाच्या तक्त्यात या ताकदीला जागाच नाही. तुम्ही दिवसभर मुलांमागे धावता, घरभेटींसाठी चालता, पोषण आहाराची पोती हलवता. ही तुमची कमाई आहे, ती ताकावर राहून गमावू नका. रात्री अर्धी भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, भाजी आणि ते ताक, असे जेवा. चहातील साखर, फरसाण आणि दुपारचा जादा भात कमी करा. आठवड्यातून दोन-तीनदा हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठबस करा आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम करा.

किती किलो उतरवायचे, या तुमच्या प्रश्नाला मी किलोत उत्तर देणार नाही. तुमच्या उंचीचे निम्मे ७६ सें.मी. होतात आणि कंबर ७९ आहे. ते तीन सेंटिमीटर सहा-आठ महिन्यांत सावकाश कमी करण्याचे ठरवा. वजन दोन-तीन किलोंनी उतरले तर उत्तम, नाही उतरले आणि कंबर मात्र कमी झाली, तरी काम झाले असे समजा. पुढची साखर तपासताना यजमानांनाही बरोबर न्या, म्हणजे त्यांची तपासणी पुन्हा राहून जाणार नाही.